सातशेनऊ घेऊन आजोबाच्या पायथ्याशी

गुरुवार

कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाटा शोधावा लागत नाही. कॉइल आणि सळया लादलेल्या ट्रेलरांच्या रांगेत आमचा टाटा ७०९ ट्रक उभा राहिला, तेव्हा काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "माल काय?"

"घर," मेहुण्याने सांगितलं.

काटेवाल्याने एकदा मागच्या डब्याच्या खिडक्यांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पावतीवर नुसतीच रेघ ओढली.

आम्ही वजन तीन वेळा करून घेतलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग आख्खी गाडी, मग फक्त मागची. दोनशे लिटर पाणी भरलेलं, डिझेलची टाकी काठोकाठ, सिलिंडर, अंथरुणं, डबे आणि आम्ही चौघं धरून पुढे २,२४० किलो, मागे २,९६०. एकूण ५,२००. टाटा ७०९ ची कागदावरची मर्यादा ७,४९० किलो. हा आकडा असा अडनिडा का, तर कायद्यात हलकं वाहन ७,५०० किलोपर्यंत धरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर या वजनाच्या आतली मालवाहू गाडीही चालवता येते, असं स्पष्ट केलं. त्यामुळे मेहुणा आणि मी आलटून पालटून स्टिअरिंग धरतो ते बिनघोर.

पण काट्यावर जायचं खरं कारण परवाना नाही. ट्रक बनवणाऱ्याने त्याचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि टायर भरल्या गाडीचा हिशेब करून दिलेले असतात. सिमेंटच्या गोण्या लादल्या की हीच गाडी आगबोटीसारखी शांत चालते आणि रिकामी झाली की दात वाजवते. आमच्या डब्याने तिचा लोड पुरा होत नाही. म्हणजे आरामाचं सगळं गणित एका प्रश्नावर येतं: या गाडीला आपलं वजन जाणवतंय का? जाणवत नसेल, तर आत कितीही जाड गादी घाला, पाठ धरणारच. लोक मात्र सुरुवात गादीपासून करतात. नाहीतर टपावरच्या लाइटच्या पट्टीपासून. असो.

आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगतो. मागच्या पाट्यांवरचा हेल्पर, म्हणजे जड मालासाठीचा जादा पाटा, काढला. मुख्य पाटे उतरवून, घासून, प्रत्येक दोन पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरून परत बांधले. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे म्हणजे एकच जाड लोखंड, ते वाकतच नाही. शॉकअब्सॉर्बर नवे. ड्रायव्हरची सीट स्प्रिंगवर झुलणारी. इंजिनचं झाकण केबिनच्या ऐन मध्यात येतं, त्याला आतून उष्णता अडवणारा जाड थर लावला. डबा बसवताना तो चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, सगळीकडे करकचून आवळला नाही. मागे पक्का, पुढे लांब बोल्टांवर स्प्रिंगा. त्याबद्दल उद्या, कारण ते काम उद्याच दिसणार होतं.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, पण तो टाळून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शिक्कामोर्तब केलं. मोटर कॅराव्हानसाठी, म्हणजे चाकांवरच्या घरासाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आमचे सगळे बदल त्या वाटेने आरसीवर चढलेत. त्यात कामापेक्षा जास्त वेळ गेला. पण चौकीवर गाडी अडवली की फाइल पुढे करायची, मग बोलावं लागत नाही.

काट्यावरून निघून हवा नीट केली. पुढे ७५ पौंड, मागे ५०. टायरवाल्याला पटेना. "ट्रकमध्ये पन्नास?" मागे जोडचाकं आहेत, २,९६० किलो चार टायरांवर वाटले जातात, हे त्याला पावती दाखवून सांगितलं. त्याने हवा सोडली, पण चेहऱ्यावर आमच्या भवितव्याची काळजी होती.

ठाण्याहून काका आणि बायको संध्याकाळीच कळंबोलीला आले होते. गाडी इथे ठेवतो, कारण ठाण्यात आमच्या सोसायटीत स्कूटर लावायलाही टोकन लागतं. रात्री उशिरा निघालो. तळोजा, कल्याण फाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली. हा पट्टा ट्रकच्या गर्दीत ट्रकनेच काढावा. कारमधून जे भिववतात ते इथे शेजारी वाटतात. पडघ्याचा टोल ओलांडून आसनगावच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली आणि झोपलो.

शुक्रवार

काकांची आख्खी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. सकाळी आम्ही उठायच्या आत ते हातोडी घेऊन गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक चाकाच्या नटावर एक टोला. घट्ट नट टणकन वाजतो, सैल नट बद्द. आम्ही नटांवर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे, नट हलला की रेघ तुटते आणि नुसत्या नजरेने कळतं. काका रेघही बघतात, पण विश्वास हातोडीवर.

"अरे, यू-बोल्ट कधी आवळलेस?" त्यांनी विचारलं.

"पाटे बसवले तेव्हा."

"त्याला किती किलोमीटर झाले?"

पाटे उघडून परत बांधले की काहीशे किलोमीटरमध्ये ते बसतात आणि त्यांना एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडतात, हे मला माहीत होतं; डोळखांबला पोचून आवळायचं ठरलंही होतं. काकांना डोळखांबपर्यंत धीर नव्हता. पान्याला हातभर पाइप लावला, मेहुण्याला त्यावर लोंबकळायला लावलं. आठही नट थोडेथोडे फिरले, मागच्या डाव्या बाजूचे दोन तर जवळजवळ पाव आटा. ढिल्या यू-बोल्टने आधी पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि मग आख्खा एक्सल मागे सरकतो. काकांनी असा सरकलेला एक्सल घेऊन घाट उतरलेली बस पाहिली आहे. ती गोष्ट त्यांनी पोह्यांबरोबर सांगितली.

शहापूर, शेणवे, डोळखांब. ऑक्टोबरची सुरुवात. हळवा भात पिवळा पडून लवलेला, गरवा अजून हिरवा. बांधांवर सोनकी. डोळखांबच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि समोर आजोबाचा डोंगर आडवा येतो. त्याच्यावर वाल्मीकींचा आश्रम आहे, वर कड्यात सीतेचा पाळणा; लव-कुशांनी वाल्मीकींना आजोबा म्हटलं म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं सांगतात. भिंतीएवढा सरळ कडा आहे तो. ट्रकच्या उंच काचेतून पाहिला की आणखी अंगावर येतो.

डेहण्याच्या अलीकडे डांबर सोडून कच्च्या वाटेला लागायचं होतं, म्हणून हवा आणखी उतरवली. पुढे ५५, मागे ३८. साधारण पंचवीस टक्के कमी. त्याखाली आम्ही जात नाही. आमचे टायर ट्यूबवाले आहेत. हवा फार कमी केली की जोर लागताना टायर रिमवर गोल सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्हचं नळकांडं मुळातून फाटतं. वाळवंटातले व्हिडिओ बघून वीस पौंडांवर आणणारे बहुधा ट्यूबलेसवर असतात. आम्ही टायर आणि रिम दोन्हींवरून खडूने एक आडवी रेघ मारली. संध्याकाळी रेघ अखंड असेल तर टायर सरकला नाही.

फरक पहिल्या खडकाळ चढालाच कळला. मघापर्यंत प्रत्येक दगड कंबरेत मोजला जात होता. आता गाडी दगड गिळत चालली होती. वेग मात्र ताशी पंधरा-वीसच. हवा कमी केलेली असताना वेग वाढवला की टायरच्या भिंती तापतात, आणि तिथून पुढे खर्चच खर्च.

पाड्याकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर एक आडवा चर लागला. मी खाली उतरलो. मेहुण्याने पहिल्या गिअरमध्ये डावं पुढचं चाक चरात सोडलं. चेसिसचं डावं टोक खाली गेलं, पण डबा गेला नाही. केबिनच्या मागे, डब्याच्या डाव्या कोपऱ्याखाली फट उघडत गेली: एक बोट, दोन, तीन. लांब बोल्टावरची स्प्रिंग दाबली गेली, डबा होता तसा सपाट. उजवं चाक चरात गेलं तेव्हा तोच खेळ दुसऱ्या बाजूला. ट्रकची चेसिस पिळली जावी अशीच बनवलेली असते, त्या पिळण्यानेच चारही कोपरे जमिनीवर राहतात. तिच्यावर ताठ डबा घट्ट आवळला, तर चेसिसची तक्रार डबा भोगतो: दरवाजा अडकतो, खिडकीच्या कोपऱ्यातून चीर निघते, आणि पावसाळ्यात उशीवर पाणी. कळंबोलीच्या मिस्त्रींना हे पटवायला मला फार खटपट करावी लागली होती. त्यांची सवय प्रत्येक फुटावर एक क्लॅम्प मारायची. आज मी त्या फटीचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवला. उत्तर आलं: अंगठा.

आतली बातमी इतकी चांगली नव्हती. बायकोने दार उघडलं आणि तिथेच थांबली. तूरडाळ. वरच्या फडताळाची चुंबकाची कडी चरात उघडली होती आणि डाळ थेट बिछान्यापर्यंत पोचली होती.

"अहो, स्प्रिंगा लावल्यात ना चारी बाजूंनी? मग एक साधी खिटी लावा."

संध्याकाळी एका शेतकरीदादांच्या खळ्याशेजारी गाडी लावायला परवानगी मिळाली. राज्याचं कॅराव्हान धोरण २०२१ मध्येच आलंय, पण अशा गावात मुक्काम ठरतो तो अजून घरमालकाच्या मानेच्या हलण्यावर. आमचा नियम सोपा: आधी विचारायचं, बांधावर चाक घालायचं नाही, सांडपाणी टाकीतच ठेवायचं. दादांनी गाडीचं आतून-बाहेरून निरीक्षण केलं आणि एकच विचारलं, "ह्याच्यात भात किती बसंल?"

शनिवार

ग्रीसचा दिवस. काका ग्रीसगन घेऊन गाडीखाली गेले, मी मागोमाग. शॅकल पिना (पाट्यांच्या टोकाच्या), किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्याचे सांधे). प्रत्येक निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, आधी फडकं फिरवायचं, नाहीतर बाहेरची माती आपणच आत ढकलतो. गन दाबली की सांध्याच्या कडेने आधी काळंभोर, कचकचीत ग्रीस बाहेर येतं, मग तपकिरी, आणि मग नव्याचा रंग. रंग बदलला की थांबायचं. मागच्या उजव्या शॅकलमधून काहीच येईना. काकांनी निपल काढलं, तारेने भोक मोकळं केलं, परत बसवलं. मग आतून जे निघालं ते ग्रीस नव्हतंच, वाळलेला चिखल होता. पिन इतके दिवस कोरडी चालत होती. गाडी त्या बाजूला कुरकुरते म्हणून मी शॉकअब्सॉर्बरला नावं ठेवत होतो.

डिझेल फिल्टरच्या तळाची चावी सैल करून पाणी आहे का पाहिलं. चमचाभर निघालं. पावसाळ्यानंतर निघतंच.

शेणव्याला परत येऊन किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून माळशेजच्या रस्त्याने टोकावडे आणि पुढे थितबी. सरळगावला जेवलो, बाकी रस्ता डांबरी आणि सांगण्यासारखं काही नाही.

थितबीजवळ एका वाटेवर ओढा आडवा होता. पाणी गुडघ्याच्या खाली, तळ दगडी. पाणी किती ते मेहुण्याने पँट दुमडून, काठी घेऊन, आधी चालून पाहिलं. वाट गावातल्या ट्रॅक्टरांची, म्हणून आम्ही तिच्यावर. मजा म्हणून नदीत गाडी घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. खाली त्याच पाण्यावर बायका कपडे धूत असतात.

मेहुणा गाडीत बसला, तोच काका म्हणाले, "थांब. चहा कर."

"आत्ता? काका, उन्हं उतरायच्या आत..."

"हौजिंगला हात लावून बघ."

लावला आणि लगेच काढला. तासाभराच्या रस्त्याने मागच्या एक्सलच्या मधोमधचं डिफरन्शियल, म्हणजे चाकं फिरवणारे गिअर, चांगलंच तापलं होतं. असं तापलेलं हौजिंग (गिअरांवरचं लोखंडी कवच) गार पाण्यात शिरलं की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून जे मिळेल ते ओढते. ब्रीदरमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून, नाहीतर सीलच्या कडेने पाणी आत. तेल दुधाळ होतं, आणि तसंच चालवलं तर आतली क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकं खराब होतात. आम्ही ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर डब्याच्या मागे नेली आहे, पण सील तर खालीच. म्हणून अर्धा तास चहा. बायकोचं मत असं, की काकांना चहा हवा होता आणि डिफरन्शियल हे निमित्त. दोन्ही खरं असू शकतं.

ओढा ओलांडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. पलीकडे चढल्यावर मेहुण्याने काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी नेली, ड्रममधलं पाणी तापून उडेपर्यंत. त्यानंतर दोनशे पावलांवर मागून चपचप असा आवाज सुरू झाला. जोडचाकांच्या मध्ये नारळाएवढा दगड अडकला होता. ही जोडचाकांची जुनी खोड. दगड तसाच ठेवून पळवलं तर दोन्ही टायरांच्या भिंती आतून कापतो, किंवा सुटून मागच्याच्या काचेत जातो. आतल्या टायरची थोडी हवा सोडली, टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटला, निघाला. मग छोट्या कॉम्प्रेसरने हवा परत भरत बसलो. मागे एकेरी रुंद चाकं लावली तर हा त्रास जातो, आणि मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीत चालतात, गाडीला प्रत्येक चाकोरी दोनदा खणावी लागत नाही. पण त्याला वेगळ्या रिमा, वेगळे टायर, परत मंजुरी. आमच्या वाटा सह्याद्रीच्या पायथ्याच्या आहेत, लडाखच्या नाहीत. टॉमी पुरते.

दिवसभर पाण्याच्या टाकीचा आवाज आला नव्हता, हे मला रात्री उशिरा लक्षात आलं. टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये, चेसिसला लागून खाली बसवली आहे आणि आत आडव्या पट्ट्या आहेत. शंभर लिटर उरलं म्हणजे शंभर किलो पाणी इकडून तिकडे धावतं. पट्ट्या नसतील तर वळणावर गाडी तुम्ही वळवता की पाणी, ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरही मध्येच आहे. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग सगळ्यात जास्त उडतो, तिथे अंथरुणं आणि कपडे. सिलिंडरचं कपाट बाहेरून उघडणारं, तळाला भोक असलेलं, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो.

रविवार

रात्रभर गाडी उभी असली की तेलात शिरलेलं पाणी तळाला बसतं. म्हणून तपासायचं ते सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी. डिफरन्शियलचा खालचा प्लग मी आट्या-आट्याने सैल केला, खाली वाटी धरली. पहिला थेंब जो पडेल तोच सांगणार. गडद, दाट, नव्वद नंबरच्या तेलाचा तो गंधकासारखा वास. दुसरा तसाच. पाणी नाही. प्लग आवळला. काकांनी वाटी उन्हात धरून पाहिली, बोट बुडवून चोळलं आणि तरीही "कळंबोलीला गेल्यावर लेव्हल बघ" असं सांगितलंच.

खडूची रेघ सहाही टायरांवर सलग होती.

डांबरी लागल्यावर हवा पुन्हा ७५ आणि ५० केली. सहा टायर, एक लहानसा कॉम्प्रेसर. बायकोने तेवढ्यात खिचडी केली, ताटं घासली आणि वर फडताळाला मेहुण्याकडून लाकडी खिटी ठोकून घेतली. मुरबाडहून कल्याणच्या गर्दीत जाण्याऐवजी बारवी धरणाच्या रस्त्याने बदलापूरला उतरलो. धरण काठोकाठ होतं. हा रस्ता झाडीतला आणि खड्ड्यांचा. पाटे मोकळे झाल्याची खरी परीक्षा दगडांवर नाही, अशा डांबरी खड्ड्यांवर होते, कारण तिथे वेग असतो. मागचा डबा आता उडत नाही, बसतो. पुढे मात्र अजून धक्का येतो. केबिन पुढच्या चाकांच्या डोक्यावरच आहे. ड्रायव्हरची सीट झुलते, पण शेजारच्याला ती चैन नाही. शेजारी काका होते.

खोणी-तळोजा रस्त्यावर एका सर्व्हिस सेंटरला खालून गाडी धुतली. पाट्यांमधून, मडगार्डच्या कोनांतून शेतातली तांबडी माती किलोकिलोने निघाली. ती तशीच राहू दिली की ओल धरते आणि आतून गंज सुरू होतो. जोराच्या फवाऱ्याने क्रॉस आणि शॅकलमध्ये पाणी शिरतं, म्हणून धुतल्यावर परत ग्रीस. काका या वेळी गाडीखाली गेले नाहीत, बाहेर उभं राहून बोटाने दाखवत होते.

मी डायरीत लिहीत होतो: पुढच्या केबिनचे रबर माउंट जुने, बदलायचे. पुढचे शॅकल बुश. शेजारची सीट.

"त्यात लिही," बायको म्हणाली, "दुसरा सिलिंडर काढायचा. आणि त्या चार लोखंडी खुर्च्या. कुणी बसलं का त्यांच्यावर?"

"त्या अठरा किलोच्या आहेत," मेहुणा म्हणाला.

"सूनबाई बरोबर बोलतेय," काका म्हणाले. "पण वजन कमी केलंत तर हवा परत बदलावी लागेल."

मग खुर्च्यांच्या वजनावर तळोज्यापर्यंत वाद चालला.